पाटी आणि पाण्याची बाटली

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा शाळेच्या इतिहासावरच लिहावे, असे आम्ही प्रथम ठरविले होते. इतिहास हा आमचा विषय. तीस वर्षांहून अधिक काळ तो या शाळेत शिकवीत आलो. परंतु संस्थेच्या उभारणीचा वृत्तान्त आमच्याहून ज्येष्ठ मंडळी अधिकाराने लिहितील. आमच्याजवळ मात्र एक विषय असा आहे की, तो कोणत्याही वार्षिक अहवालात आलेला नाही आणि आम्ही लिहिला नाही तर कदाचित येणारही नाही. आपल्या शाळेत पहिलीत येणाऱ्या सिकलसेलग्रस्त लेकरांचा हा विषय आहे. त्यांतील एका लेकराच्या बाबतीत आमच्या हातून घडलेली चूकही त्यात आहे. माजी विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या अंकात ती सांगितली नाही, तर बाकीचे सांगण्याचा अधिकार आम्हास उरणार नाही.

आमचा जन्म तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यातला. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून नाल्यात सोडले, हे आम्ही ऐकत वाढलो. आमचा धाकटा भाऊ आमच्याहून तीन वर्षांनी लहान. तो तान्हा असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजत आणि तो रात्र रात्र रडे. आई म्हणे, थंडी बाधली. थोडा मोठा झाल्यावर त्याची हाडे ठणकू लागली. डोळे पिवळे दिसत म्हणून कावीळ समजून झाडपाला झाला. पोट डाव्या बाजूस वाढले तेव्हा गावातल्या जाणत्यांनी पानथरी वाढल्याचे सांगितले. देव सोडलेल्या घरातली आमची आजी एका रात्री नातवाच्या विव्हळण्यापुढे हरली आणि लपतछपत मांत्रिकाकडे गेली. वडिलांना कळले तेव्हा घरात मोठे भांडण झाले. आज इतक्या वर्षांनी मागे वळून पाहता वाटते की, त्या रात्री दोघेही सारखेच निरुपाय होते. वडिलांजवळ निश्चय होता. पण उपचार त्यांच्याजवळही नव्हता.

१९७७च्या जून महिन्यात त्याला पहिलीत घालायचे ठरले. वडिलांनी तुमसरच्या बाजारातून लाकडी चौकटीची नवी पाटी आणली. ती उशाशी घेऊन तो झोपे. शाळा उघडण्याच्या आठवड्यात त्याला ताप भरला. दवाखाना दूर, नाल्याला पूर, बैलगाडी अडलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याची कोरी पाटी पुढे वर्षभर आम्ही वापरली. घरात दुसरी नव्हती.

त्याला नेमके काय झाले होते, हे सिद्ध करणारा कागद आमच्याजवळ नाही. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. परंतु पुढे शाळेतील रक्ततपासणी शिबिरात आम्ही स्वतः बोट पुढे केले आणि आमचा अहवाल ‘एएस’, म्हणजे वाहक, असा आला. त्या कागदाकडे पाहताना ते सुजलेले पंजे, पिवळे डोळे आणि वाढलेले पोट एका ओळीत येऊन उभे राहिले. न्यायालयात टिकणार नाही. पण आमच्यापुरता तो पुरावा पुरेसा आहे.

आता चुकीविषयी.

आम्ही १९९४ साली या शाळेत रुजू झालो. वसतिगृहाची जबाबदारीही काही वर्षे आमच्याकडे होती. त्या काळी एक नियम होता. तो कोणी लिहिला नव्हता. पण सर्वांना ठाऊक होता. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाने पहाटे उठून हातपंपावर आपली सतरंजी स्वतः धुवायची. मुलांना स्वावलंबनाची सवय लागावी, असे आम्ही त्याचे समर्थन करीत असू. १९९७च्या डिसेंबरात पहिलीतला एक मुलगा आठ दिवसांत पाच वेळा त्या हातपंपावर उभा राहिला. अंगात सदरा, पाय ओले, विदर्भातली पहाटेची थंडी. सहाव्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, पाय लय ठणकून राहिले.” आम्ही म्हणालो, “सतरंजी धुवायची वेळ आली की पाय दुखतात होय?” बाकीची मुले हसली. आम्हीही हसलो.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याला उभे राहवेना. रात्री तो गुरासारखा ओरडत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर रक्त तपासले आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द आमच्या कानावर पहिल्यांदा पडले. तेथील डॉक्टरांनी आम्हास दोन गोष्टी समजावून सांगितल्या. थंडीने या मुलांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनेचा झटका येतो, ही पहिली. दुसरी गोष्ट ऐकून आम्ही मान खाली घातली. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते. म्हणून ही मुले वारंवार पाणी पितात, वारंवार लघवीला जातात आणि झोपेत अंथरूण ओले करतात. म्हणजे आम्ही आळसाला शिक्षा करीत नव्हतो. आजारालाच शिक्षा करीत होतो, आणि त्या शिक्षेने तोच आजार वाढवीत होतो.

त्याचे वडील दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आमच्यावर ओरडावे, अशी आमची इच्छा होती. ते हात जोडून म्हणाले, “सर, तुमचा काही दोस नाही. आमालेच मालूम नव्हतं, तं तुमाले कसं मालूम राहील?” बरा झाल्यावर ते मुलाला घरी घेऊन गेले. तो पुन्हा शाळेत आला नाही. हजेरीपटावर काही महिने त्याच्या नावापुढे आम्ही गैरहजेरीची खूण करीत राहिलो आणि मग नाव कमी झाले.

यानंतर आम्ही या आजाराविषयी मिळेल ते वाचू लागलो. आधुनिक वैद्यकात या आजाराची पहिली नोंद १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केली. ज्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी प्रथम दिसल्या, तो वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडाहून दंतवैद्यकी शिकण्यासाठी आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वारंवार आजारी पडूनही त्याने शिक्षण पूर्ण केले, मायदेशी जाऊन दवाखाना थाटला आणि १९१६ साली ऐन तिशीत त्याचे निधन झाले. या रोगाच्या इतिहासाचे पहिले पान एका आजारी विद्यार्थ्याचे आहे आणि तो विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झालेला आहे, ही गोष्ट आम्ही पालकांना आवर्जून सांगतो.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष प्रथम आढळला आणि काही वर्षांतच, १९५८ साली, नागपूरहूनही त्याची नोंद झाली. आज पूर्व विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासींत, आपल्या बौद्ध समाजात आणि इतरही अनेक समाजांत तो आढळतो. मागील जन्मीचे पाप, करणी, कुळाचा शाप अशा कल्पना आजही घराघरांत दबल्या आवाजात बोलल्या जातात. त्यांना उत्तर इतिहासातच आहे. ज्या प्रदेशांत पिढ्यान्पिढ्या मलेरियाने माणसे मेली, त्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला. कारण वाहक व्यक्तीला घातक मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. आपल्या पूर्वजांनी जंगलकाठी, तळ्याबोड्यांच्या काठी जे आयुष्य काढले, त्याची खूण आपल्या रक्तात राहिली आहे. तीत लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून वेदना. जंतूंशी झुंजणारी प्लीहा बालपणीच निकामी होत जाते; म्हणून इतर मुलांचा साधा ताप या मुलांच्या जिवावर बेतू शकतो. एवढे समजले की पुढची सगळी तयारी आपोआप समजते.

ही तयारी आमच्या शाळेत जूनमध्ये नव्हे, मार्चमध्ये सुरू होते. प्रवेशासाठी नाव आले आणि पालकांनी सिकलसेलचा उल्लेख केला की आम्ही आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका बाई त्या घरी जातो. शाळेत बोलावून विचारले तर पालक खरे सांगत नाहीत. प्रवेश नाकारतील, या धास्तीने आजार लपवितात. घरच्या ओसरीवर, चहा घेता घेता, आई सगळे सांगते. मागचा झटका केव्हा आला, कशाने आला, वेदनेला लेकरू काय म्हणते, रक्त कधी चढविले, हे आम्ही लिहून घेतो. एक प्रश्न आम्ही कधीच विसरत नाही. बरे असताना लेकराचे हिमोग्लोबिन किती असते? ज्या मुलाचे नेहमीच सात-आठ असते, त्याला अनोळखी दवाखान्यात नेल्यावर हा आकडा सांगता आला तर डॉक्टरांचे काम सोपे होते. रक्तगट, चालू औषधे, झालेल्या लसी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि घरचा दूरध्वनी, हे सारे एका कागदावर येते. त्याच्या तीन प्रती होतात: एक मुख्याध्यापकांकडे, एक वसतिगृहात, एक लेकराच्या पेटीत झाकणाला आतून चिकटविलेली.

न्यूमोकॉकसची लस झाली नसेल तर ती शाळेआधी घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, डॉक्टरांनी सांगितले असल्यास हायड्रॉक्सियुरिया, यांत खंड पडू नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मात्र या मुलांना डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. शिक्षकांतही हे पुष्कळांना ठाऊक नसते. रक्त कमी म्हणजे लोह द्या, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

त्यानंतर लेकराची तयारी. आमच्या मते खरी तयारी हीच. सहा वर्षांच्या मुलाला “तुला काहीच झालेले नाही” असे सांगणे खोटेपणाचे आहे आणि “तू आजारी आहेस, तुला जमणार नाही” असे सांगणे त्याहून वाईट. आम्ही त्याला आजाराचे नाव सांगतो. तुझ्या रक्तातल्या काही गोल चकत्या विळ्यासारख्या वाकतात, त्या अडकल्या की दुखते, आणि पाणी प्यायल्याने, ऊब घेतल्याने, वेळेवर सांगितल्याने त्रास कमी होतो. इतके पहिलीतल्या मुलाला चांगले कळते.

मग आम्ही त्याच्या हातात पाच चिंचोके ठेवतो. थोडे दुखले तर एक, खेळता येईना तर तीन, सहन होईना तर पाच. लेकरांना वेदना होते. पण वेदनेला शब्द नसतात. त्यातून आपल्या घरांत मुलांना मोठ्यांपुढे गप्प राहण्याचीच शिकवण मिळालेली. चिंचोका पुढे करण्यास शब्द लागत नाहीत आणि रडावेही लागत नाही. महिनाभर आई घरी हा खेळ खेळते. जूनपर्यंत लेकरू तरबेज होते.

पाण्याचा सराव आम्ही याच पद्धतीने करून घेत असू. आई गुरुजी होई आणि लेकरू हात वर करून विचारी, “सर, पाणी पिऊ?” एके दिवशी हा खेळ पाहताना आम्ही मध्येच थांबलो. इतिहासाचा तास घेताना आम्ही दरवर्षी सांगतो की, बालपणी बाबासाहेबांना शाळेतल्या नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तरच तहान भागे, शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळ भरली, ती मागून मिळालेल्या पाण्याची नव्हती. आणि आम्ही त्यांच्याच नावाने चाललेल्या शाळेत, ज्या लेकरांना पाण्याचा प्रत्येक घोट औषधासारखा आहे त्यांना, पाण्यासाठी हात वर करावयास शिकवीत होतो! त्या दिवसापासून नियम बदलला. बाटली बाकावर राहील. पाणी प्यायला विचारायचे नाही. लघवीला जायचे तर उठून जायचे. परत आल्यावर कोणी कारण विचारणार नाही. आणि हा नियम केवळ सिकलसेलच्या मुलांसाठी ठेवला नाही, सर्व मुलांसाठी केला. म्हणजे कोणी वेगळे पडत नाही. वर्ग विस्कळीत होईल, अशी काही सहकाऱ्यांना शंका होती. पहिले आठ दिवस झाला. नंतर मुलांना त्याचे अप्रूप राहिले नाही.

वर्गाचीही तयारी करावी लागते. “पिवळ्या डोळ्याची” हे नाव एकदा चिकटले की सुटत नाही. म्हणून जूनच्या अखेरीस पहिलीच्या वर्गात आम्ही एक नरसाळे नेतो. त्यातून ज्वारी ओततो. ती भरभर खाली उतरते. मग बाभळीच्या वाळक्या, वाकड्या शेंगांचे तुकडे टाकतो; ते अडकतात. वर पाणी ओतले आणि नरसाळे हलविले की काही सुटतात. मुले टाळ्या वाजवितात. हा आजार शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे त्यानंतर सांगितले की पटते. ‘शिवल्याने’ हा शब्द उच्चारताना आमच्या वयाच्या माणसाच्या मनात काय काय येते, ते वाचकांस सांगावयास नको.

शिक्षकांसाठीच्या सूचना थोड्या आहेत; पण त्यांत सवलत नाही. धावण्याची किंवा उन्हात उभे करण्याची शिक्षा कोणालाही नाही; तशी ती शिक्षण हक्क कायद्यानेही नाहीच. खेळू द्यावे, पण दम लागला की थांबू द्यावे, आणि थांबण्याचा निर्णय लेकराचा असावा. पावसात भिजल्यास कपडे लगेच बदलावेत. दुखत्या जागी शेक द्यावा, बर्फ कधीही नाही. ताप १०१ अंशांवर गेला की सकाळची वाट पाहू नये. एकाएकी पांढरे पडणे, पोट फुगणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर ताप असो वा नसो, निघावे. आणखी एक बारकी गोष्ट अशी की, चांगले वाचणारे मूल काही महिन्यांत मागे पडू लागले, विसरू लागले, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. या आजारात मेंदूला बाहेरून न दिसणारी इजा होऊ शकते आणि ती प्रथम लक्षात येण्याची जागा पुष्कळदा वर्गच असते.

वसतिगृहात आता हातपंपाशेजारी बंब आहे. थंडीत या लेकरांना पहाटेच्या अंघोळीची सक्ती नाही. ऊन वर आल्यावर गरम पाण्याने अंघोळ होते. बुद्धवंदनेला ती स्वेटर घालून, कानटोपी ओढून, गार फरशीवर नव्हे तर घोंगडीवर बसतात. गादीवर रबरी कापड असते आणि सकाळी ते कोणी बदलले, याची चर्चा होत नाही. अतिसाराने आजारी पडून एकाकी टाकल्या गेलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातील कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. घाणीत पडलेल्या त्या रुग्णाला त्यांनी आधी धुतले. संघाला उपदेश त्यानंतर केला. वसतिगृहातील ओल्या गादीचा प्रश्न आम्हास त्या कथेपासून दूरचा वाटत नाही.

इतक्या लहान, आजारी लेकराला घरापासून दूर वसतिगृहात ठेवावे काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि आम्हीही स्वतःला विचारतो. आमचे प्रामाणिक मत असे की, गावात बरी शाळा असेल आणि दवाखाना जवळ असेल तर पहिली काही वर्षे लेकराने आईजवळच राहावे. आम्ही काही पालकांना तसे सांगून परतही पाठविले आहे. परंतु जेथे आईवडील धानाच्या हंगामात कामासाठी बाहेरगावी जातात, पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि दवाखाना चार तासांवर आहे, तेथे घर वसतिगृहापेक्षा सुरक्षित असतेच असे नाही. आमच्या भावाचा नाला आम्ही विसरलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एका घरी आम्ही गेलो होतो. त्या आईचा थोरला मुलगा याच आजाराने गेला होता. धाकटी मुलगी सहा वर्षांची. आम्ही कागद काढला तेव्हा आई म्हणाली, “सर, शिकून काय करन थे? जिती राहिली तं पुरे.” या वाक्यावर शिक्षणाचे महत्त्व सांगणारे भाषण करणे आम्हास शक्य झाले नाही. ज्या बाईने एक लेकरू गमावले आहे, तिच्यापुढे घोषणा फार हलकी असते. आम्ही तिला आमच्या भावाच्या पाटीची गोष्ट सांगितली. तो शाळेत गेला नाही, म्हणून वाचला असेही झाले नाही, एवढेच म्हणालो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दाराआडून मुलगीच म्हणाली, “मी जातो शाळेत.”

ती आली. पहिले आठ दिवस आई वसतिगृहात तिच्याजवळ राहिली. ऑगस्टमधील एका रात्री अकराच्या सुमारास तिने अधीक्षिका बाईंना हलवून उठविले आणि काही न बोलता त्यांच्या तळहातावर चार चिंचोके ठेवले. क्षणभर थांबून पाचवाही ठेवला. ताप १०२. पेटीच्या झाकणावरचा कागद काढून बाई आणि आम्ही जीपने निघालो. तासाभराने ती दवाखान्यात होती. छातीत संसर्ग उतरला होता. सहा दिवस ती तेथे राहिली. सकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होते, असे डॉक्टर म्हणाले. आज ती तिसरीत आहे आणि पाढ्यांत वर्गाच्या पुढे आहे. दवाखान्यात असताना बुडालेले धडे वर्गातल्या मैत्रिणी वहीत उतरवून ठेवतात. ती पद्धत आम्ही लावली नाही. मुलींनी स्वतःच लावली.

सर्वच गोष्टी अशा संपल्या, असे आम्ही म्हणणार नाही. एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला तो परतला नाही. त्याची बाटली दीर्घकाळ कपाटात होती. तयारी केली म्हणजे मृत्यू टळतोच असे नाही. तयारी केली नाही म्हणजे मात्र आपण त्याला वाट मोकळी करून देतो.

समाजबांधवांस दोन शब्द सांगून आवरते घेतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला आहे. त्या हक्काचा कागद करून घेण्यात कमीपणा नाही. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेखाली तपासणी होत आहे. शिबिर गावात आले तर बोट पुढे करा. लग्नाआधी तरुण-तरुणींनी तपासून घ्यावे. तपासणीचा अर्थ वाहक मुलीला नाकारणे असा घेतला तर तो अन्याय होईल. वाहक मुलगाही तितकाच वाहक असतो, आणि ज्याचा जोडीदार निर्दोष आहे त्या वाहकाच्या पोटी हा आजार येत नाही. आमची पत्नी तपासणीत निर्दोष निघाली; आमची दोन्ही मुले ठणठणीत आहेत. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात असल्याचे दाखविले. पोटजातीच्या आणि नात्यागोत्याच्या त्याच त्या वर्तुळात सोयरिकी होत राहिल्या की दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. ते वर्तुळ मोडण्यास आपल्याजवळ विचारांचे कारण होतेच. आता लेकरांच्या रक्ताचेही आहे.

शेवटी ज्याच्यासाठी हा लेख लिहिला, त्याच्याशी बोलतो. १९९७च्या डिसेंबरात हातपंपावर सतरंजी धुणाऱ्या मुला, तू असशील तर आज पस्तिशीच्या घरात असशील. कदाचित ही स्मरणिका तुझ्या गावातल्या कोणाच्या तरी घरी पोहोचेल. तुझे पाय खरेच ठणकत होते. आम्ही हसलो, ते चुकीचे होते. तुझ्या वडिलांनी त्या दिवशी आमचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला आणि आम्ही तो घेऊ दिला. तो आम्ही आज या पानावर परत घेत आहोत. आमचे निवृत्तीचे वर्ष जवळ आले आहे. त्यापूर्वी कधी आलास, तर तो हातपंप आणि त्याच्या शेजारचा बंब आम्हास तुला दाखवायचा आहे. तुझे मूल शाळेच्या वयाचे असेल तर त्यालाही घेऊन ये. बाटली बाकावर असेल. विचारावे लागणार नाही.

जय भीम.